उभी गाडी का तापते? एका पंख्याचा इतिहास

धावणारा माणूस तापतो आणि थांबला की थंड होतो. मोटारीचे मात्र उलट आहे. असे का, हा प्रश्न मला गेल्या मे महिन्यात सावेडीत पडला. राहुरीहून मनमाड रस्त्याने येताना गाडीच्या तापमानाचा काटा मध्यावर स्थिर होता. सावेडीच्या गर्दीत शिरून दोन-तीनदा थांबावे लागले, तसा तो लाल रेघेकडे सरकला. पाइपलाइन रोडवरच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "सर, फॅन फिरत नाही."

पंखा बहुधा सकाळपासूनच बंद होता, मग वाटेत ते कळले का नाही? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवतीच्या पाण्यात जाते. कार्ल बेन्झ यांनी १८८५ साली बनवलेल्या तीनचाकी गाडीत हे पाणी चक्क उकळू दिले जाई. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, तर त्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे युक्ती चांगली होती, पण पाणी सतत संपे. १८८८ साली बेर्टा बेन्झ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत वरचेवर पाणी भरावे लागले.

वाफ न करता तेच पाणी पुन्हा वापरायचे, तर त्याची उष्णता हवेला द्यायला हवी. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. पृष्ठफळ वाढल्यामुळे थोड्या पाण्यावर भागू लागले. वेग कमी असताना हवा कमी पडू नये म्हणून त्यांनी रेडिएटरमागे एक लहान पंखाही बसवला. आपल्या कोड्याचे उत्तर इथेच मिळते. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला तो करावा लागतो.

पुढे अनेक दशके हा पंखा इंजिनावरच्या पट्ट्याने फिरत असे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली, तो काळही पट्ट्याच्या पंख्याचाच. घाट चढून आलेल्या गाडीत ड्रायव्हर डब्याने पाणी ओततो आहे, हे दृश्य जुन्या प्रवाशांना आठवत असेल. पट्ट्याच्या पंख्यात एक मूळ दोष होता. त्याचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे, गाडी उभी असताना, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच, तो सर्वांत सावकाश फिरे. थंडीतल्या सकाळी मात्र गरज नसतानाही तो फिरत राही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते, त्यामुळे पट्ट्याने समोरचा पंखा फिरवणे अवघड झाले. विजेचा पंखा आला. पाणी ठरावीक तापमानाला पोचले की तो आपोआप सुरू होतो. इंधन वाचले आणि जुना दोषही गेला, पण नवा आला. पूर्वी बहुधा तोच पट्टा पाण्याचा पंप आणि डायनामोही फिरवत असल्याने, तो तुटला की लगेच कळे. विजेचा पंखा मात्र गुपचूप बंद पडतो आणि पहिल्या गर्दीत उघडा पडतो.

अशा वेळी काय करावे? ए.सी. बंद करून हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे थोडी उष्णता आत वळते. उकडेल, पण इंजिन वाचेल. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. तसेच दामटले तर हेड गॅस्केट जाते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये.

या शेवटच्या सूचनेचे गणित वर्गात जरूर करावे. आपल्या शहराची उंची सुमारे ६५० मीटर, म्हणून उघडे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे आत ०.९ बार जादा दाब राहतो आणि उत्कलनबिंदू सुमारे ११८ अंशांवर जातो. समजा, आत ११० अंशांचे ५ लिटर पाणी आहे. झाकण उघडताच ते ९८ अंशांवर येते. सुटलेली उष्णता सुमारे ६०,००० कॅलरी. त्यातून ११० ग्रॅम पाण्याची वाफ होते. तिचे आकारमान जवळजवळ २०० लिटर! ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.

मिस्त्रींनी आधी फ्यूज पाहिला, मग रिले, मग मोटार थेट बॅटरीला जोडली. पंखा फिरला. दोष रिलेचा निघाला. मी म्हटले, "तूर्त डायरेक्टच करून द्या." ते हसले. "फ्यूज न घालता वायर जोडली, तर उद्या आगीचं काम निघेल." तासाभरात नवा रिले बसला. फ्यूज, रिले, मोटार हा त्यांचा क्रम म्हणजे एकेक शक्यता तपासून बाद करणे. प्रयोगशाळेत आपण दुसरे काय शिकवतो?

वर्गात झाकणाचे दोन सारखे स्टीलचे डबे घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून झाकणे लावा. एक डबा टेबलफॅनसमोर ठेवा, दुसरा आडोशाला. दर पाच मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. डबे झाकलेले असल्याने इथे बाष्पीभवनाचा हात नाही, फरक आहे तो केवळ हलत्या हवेचा. मग मुलांना विचारा, "उभी गाडी का तापते?" उत्तर त्यांच्याच आलेखात असेल.