शून्य नेमका कुठे? जुन्या जीपच्या पाट्यांची गोष्ट

संशोधनाकडे वळताय ना? मग आज जरा जुन्या जीपखाली वाकून बघू. पाटे बसलेत आणि मालकाला गाडी ऑफरोडसाठी उंच करायची आहे, म्हणजे ‘लिफ्ट’ बसवायची आहे. कुठली घ्यावी? या प्रश्नाचं मूळ साडेतीनशे वर्षं मागे जातं.

रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये स्प्रिंगचा नियम छापला, पण अक्षरं वर्णानुक्रमे लावून, कोड्यासारखा. उकल दिली १६७८ मध्ये: स्प्रिंग जितकी ताणाल, तितकं तिचं बल वाढतं. आपण हे शाळेत घोकतो. पण ताण मोजायचा कुठून? स्प्रिंगच्या मूळ स्थितीपासून. नेमकं हेच विसरतो.

पुढे १८०४ मध्ये लंडनच्या ओबाडाया इलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला पुढे-मागे पाटेच होते. महिंद्राने मुंबईत जोडलेल्या विलीस जीपही पाट्यांवरच्याच.

आता गंमत बघा. वर्षानुवर्षं ओझं वाहून पाट्याची कमान सपाट होते. तो ‘नरम’ झाला असं आपण म्हणतो. पण पान तडकलेलं किंवा झिजून पातळ झालेलं नसेल, तर पोलादाचा ताठरपणा जवळजवळ तेवढाच असतो. बदललेली असते ती मूळ स्थिती. म्हणजे हूकच्या नियमातला शून्यच खाली सरकतो!

समजा, गाडी दीड इंच बसली आहे. जुन्याच पाट्यांवर लांब शॅकल लावलं, तर शॅकलची लांबी २ इंच वाढवून गाडी साधारण १ इंच उचलली जाते. म्हणजे अजूनही मूळ उंचीपेक्षा अर्धा इंच खालीच, आणि पाटा सपाट तो सपाटच. याउलट २ इंची लिफ्टचे नवे पाटे घेतले, तर ते २ इंच मूळ उंचीपासूनचे असतात. आजच्या उंचीपासून गाडी साडेतीन इंच वर जाणार. ब्रेकचा होज, शॉकची लांबी, प्रोपेलर शाफ्टचा कोन हे सगळं त्या हिशेबाने तपासावं लागतं. घाटात होज ताणून तुटला तर?

म्हणून आधी सपाट जागेवर, नेहमीचं सामान भरून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. कंपनीच्या मूळ मापाशी ताडून बघा. तडकलेली पानं शोधा. बऱ्याचदा कळतं, की लिफ्ट नकोच होती, मूळ मापाचे नवे पाटे पुरले असते.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी उपकरणाचा शून्य न तपासता तीन महिने वाचनं घेतली. आलेख सुरेख आले, पण सगळे टाकून द्यावे लागले. तेव्हा ‘किती बदल झाला?’ हे विचारायच्या आधी ‘कशापासून?’ हे विचारा. वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहा.