शिवण उसवते तेव्हा

२५ ऑक्टोबर १७६० ची सकाळ. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज नेहमीप्रमाणे सहाला उठला, पेलाभर चॉकलेट प्याला आणि शौचाला गेला. थोड्याच वेळात आतून धप्पकन आवाज आला. सेवक धावला, तर शहात्तर वर्षांचा राजा जमिनीवर पडलेला. शीर उघडून रक्त काढण्याचा त्या काळचा उपाय करून पाहिला. पण सारे संपले होते.

दुसऱ्या दिवशी डॉ. फ्रँक निकोल्स यांनी देह उघडला. हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने गच्च भरली होती. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला आतून सुमारे दीड इंचाची आडवी चीर गेली होती. निकोल्स यांनी हे सारे रॉयल सोसायटीला लिहून कळवले. एका दुर्मीळ आजाराची ओळख पटली, पण रोगी गेल्यावर. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे हेच चालले. निदान बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच व्हायचे.

महाधमनीच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला पदर फाटला की रक्त दोन पदरांच्या मध्ये शिरते आणि गोधडीचे टाके उसवावेत तसे पदर सुटत जातात. बाहेरचा पदरही फुटला, तर माणूस काही क्षणांत जातो. बरेचदा मुळाशी वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब असतो. छातीत किंवा पाठीत एकाएकी फाडत गेल्यासारखी कळ येते. ती हृदयविकाराच्या झटक्यासारखी वाटते आणि घात होतो तो इथेच. झटका समजून रक्त पातळ करणारे औषध दिले, तर तेच जिवावर बेतू शकते.

हे उसवलेले शिवायला शिकवले अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डीबेकी यांनी. लहानपणी आईने त्यांना शिवणकाम शिकवले होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते नायलॉन घ्यायला दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉनचे कापड घेतले आणि घरच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. याच कापडाच्या नळ्या पुढे जगभर कृत्रिम धमन्या म्हणून वापरल्या गेल्या. १९५४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा फाटलेल्या महाधमनीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. साठच्या दशकात औषधांनी रक्तदाब झटपट उतरवण्याचा उपचार आला, आणि पुढे सीटी स्कॅनमुळे जिवंत माणसाच्या छातीतली चीर दिसू लागली.

३१ डिसेंबर २००५. सत्त्याण्णव वर्षांचे डीबेकी घरी एकटेच व्याख्यानाची तयारी करत होते. छातीतून खांद्यांच्या मध्ये आणि तिथून मानेत अशी कळ गेली. आजार त्यांनी तत्काळ ओळखला. पण आता आपण वाचत नाही असे मानून त्यांनी कोणालाही बोलावले नाही! नंतर स्कॅनमध्ये निदान पक्के झाले, तरी शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. धमनी फुगतच गेली आणि ९ फेब्रुवारी २००६ रोजी त्यांची शुद्ध हरपली.

एवढ्या वयात चाकू लावावा का? रोग्याने नको म्हटले असताना लावावा का? काही भूलतज्ज्ञांनी नकार दिला. रुग्णालयाच्या नीतिविषयक समितीत खल चालू असताना पत्नी आत शिरल्या आणि त्यांनी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. त्या रात्री अनेक वर्षांचे सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी सुमारे सात तास शस्त्रक्रिया करून डेक्रॉनची नळी बसवली. अनेक महिन्यांनी डीबेकी घरी परतले. डॉक्टरांनी केले ते योग्यच केले, असे त्यांनी सांगितले. ११ जुलै २००८ ला ते गेले तेव्हा शंभरी दोनच महिन्यांवर होती.

आज फाटलेला भाग हृदयाजवळ असेल तर तातडीने शस्त्रक्रिया करतात. पुढच्या भागात असेल तर औषधे देतात, किंवा जांघेतल्या धमनीतून आवरण घातलेली जाळी सरकवतात. मात्र पहिल्या दोन दिवसांत तास न् तास मोलाचा असतो. म्हणून अशी कळ आली, तर ‘गॅस असेल, सकाळी बघू’ म्हणू नये. ज्यांनी ही शिवण जगाला शिकवली, तेही त्या दिवशी गप्पच बसले होते. आपण मात्र हाक मारावी.