अडीच फुटांची वाट

लातुरात ‘जुनी रेल्वे लाईन’ हा पत्ता आजही चालतो. दवाखान्याच्या पाटीवर असतो, लग्नपत्रिकेत असतो, रिक्षावाला काही न विचारता तिथे नेऊन सोडतो. रूळ मात्र कधीच उचलले गेले आणि स्टेशन गावाबाहेर गेलं. मी तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवते. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं त्या भागात खोल्या करून राहतात. आपण राहतो तिथून एकेकाळी गाडी जायची, ती कुणी आखली आणि का आखली, हे त्यांच्या कानावर कधी आलेलं नसतं. बार्शी लाइट रेल्वे हे तिचं नाव. आमच्या घरात नुसतीच ‘लाइट’.

तिचं मागे काय उरलं ते पाहायला यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे गाडी घेऊन निघालो. पुढे नवऱ्याशेजारी मामंजी, मागे मी आणि दोन्ही मुलं. मामंजींचं आयुष्य लातूरच्या आडतीवर गेलं. तूर, करडई, भुईमूग, सरकी. रेल्वेचा नकाशा त्यांनी कधी पाहिला नसेल, पण पोत्याचा प्रवास त्यांना स्टेशनवार पाठ आहे. ते स्टेशनं सांगत होते : हरंगुळ, औसा रोड, मुरूड, ढोकी, कळंब रोड, येडशी, पांगरी, बार्शी टाऊन, शेंद्री, कुर्डुवाडी.

या लाइनीचं मूळ एका चुकलेल्या गावात आहे. मुंबई-पुण्याहून सोलापूरकडे जाणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे १८५९-६० मध्ये या मुलखातून गेली, पण बार्शीला तिने बगल दिली. बार्शी तेव्हा कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ. बालाघाटाच्या पलीकडचा सगळा माल तिथे उतरायचा. रेल्वेने जवळच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ असं नाव दिलं आणि हात झटकले. ते स्टेशन म्हणजे आजची कुर्डुवाडी, बार्शीपासून २१ मैलांवर. पावसाळ्यात काळ्या मातीतून भरल्या गाडीने २१ मैल जाणं म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज १८८२ मध्ये जीआयपीत लोको निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला आणि या २१ मैलांनी त्याला पछाडलं. गरीब मुलखात मोठी रेल्वे परवडत नाही आणि छोटी रेल्वे माल वाहू शकत नाही, असं तेव्हा सगळे धरून चालत. कॅलथ्रॉपने हिशेब वेगळ्या बाजूने मांडला. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. सगळ्या आसांवर भार सारखा असला की रूळ, पूल, मोऱ्या सगळं त्या एकाच आकड्यापुरतं बांधता येतं आणि कुठलंच सामान वाया जात नाही. त्याने यार्डाला ३० पौंडांचे रूळ घेतले, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. आजच्या मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला ६० किलो भरतो. इंजिन जड हवं, पण आस हलका हवा, म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याकडून जोडीच्या आठ चाकांची इंजिनं करून घेतली. वाघिणी दाबीव पोलादाच्या केल्या, म्हणजे स्वतःचं वजन कमी आणि पोटात माल जास्त. रुळांमधलं अंतर ठेवलं अडीच फूट. लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून त्याने डबे चालवून दाखवले. कंपनी १८९५ मध्ये उभी राहिली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शीला गाडी लागली.

सर्वेक्षण शिकवताना मी या माणसाला वर्गात आणते, कारण कंजुषी आणि काटकसर यांतला फरक त्याच्या आकड्यांतून जितका नीट दिसतो तितका मला इतर कुठे दाखवता येत नाही. (तो अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर त्याने पुस्तकही लिहिलं. मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान कोसळून गेला, त्यानंतर वैमानिकांसाठी पॅराशूट करण्यात त्याने पुढची वर्षं घातली. रोल्स-रॉइसमधला रोल्स तो हाच.)

पुढे लाइन दोन्हीकडे वाढली. १९०६ मध्ये पंढरपूर. दुसरीकडे बालाघाट चढून आधी तडवळे आणि १९११ मध्ये लातूर. १९२७ मध्ये मिरज. एकूण २०२ मैल. त्याच १९२७ साली कॅलथ्रॉप वारला. आषाढी-कार्तिकीला डबे पुरत नसत, तेव्हा वारकरी मालाच्या वाघिणींतूनही जायचे. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली.

हे सगळं बोलत ढोकीपर्यंत आलो. इथवर शोधण्यासारखं फारसं नाही, कारण ब्रॉडगेज बहुतेक जुन्या मार्गालाच धरून आहे. ढोकीवरून मामंजींनी गाडी तेरकडे वळवायला लावली. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातं. गाडी, कापूस, वाईट वाट. कॅलथ्रॉपच्या आधी अठराशे वर्षं हाच धंदा आणि हीच अडचण. लामतुरे संग्रहालयात मुलं मातीच्या मूर्तींपुढे रेंगाळली, मामंजी बाहेर पारावर बसून होते.

खरी सोडलेली वाट येडशीच्या पुढे सुरू होते. येडशी बालाघाटाच्या माथ्यावर आणि पांगरी खाली बार्शीच्या बाजूला. या दोहोंमध्ये लाइट रेल्वे रामलिंगच्या डोंगरातून घाट उतरायची. ब्रॉडगेजचं काम निघालं तेव्हा हा तुकडा वगळला. मोठ्या गाडीला अशी आवळलेली वळणं चालत नाहीत, आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, जिल्ह्याचं ठिकाण असून शंभर वर्षं रेल्वेवाचून होतं. म्हणून नवा मार्ग येडशीहून धाराशिवला जाऊन मग पांगरीला उतरवला. २००७ मध्ये लातूरहून धाराशिवपर्यंत आणि २००८ मध्ये पुढे कुर्डुवाडीपर्यंत गाडी सुरू झाली. निर्णय योग्यच होता. पण घाटातली वाट तेव्हापासून कुणाची नाही.

सोडलेली लाइन दुरून कशी ओळखायची, हे मी मुलांना वाटेत सांगत होते. जमीन खालीवर होते आणि तिच्यामधून एक कड मात्र सपाट जाते. झाडांची रांग एकाच मापाने वळते. शेताचा बांध धुऱ्याला सोडून तिरका कापला जातो. आणि जिथे डोंगर खोदलेला दिसेल तिथून थोड्याच अंतरावर भराव सापडणार, कारण कापलेली माती आणि मुरूम लांब वाहून नेणं कुणालाच परवडत नाही. माझ्या धाकटीने गाडीतूनच पहिला भराव ओळखला. सीताफळाच्या झाडीआडून हिरवा बांध वळत गेला होता.

गाडी कडेला लावून आम्ही चढलो. वर कुसळी गवत आणि घाणेरी माजलेली, पण पाय टाकला की खाली खडी वाजते. जरा पुढे एक मोरी होती. घडीव काळ्या दगडांची कमान, दगडांच्या सांध्यात चुना, आणि चावीचा दगड अजून जागचा हललेला नाही. खालून ओढ्याची बारीक धार चालू होती. मोरीच्या कठड्यांमधलं अंतर पाहून थोरला म्हणाला, ‘‘एवढ्यातून रेल्वे?’’ मी टेप काढला आणि अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, जमिनीवर आखून दाखवले. धाकटी दोन्ही रेघांवर एकेक पाय ठेवून उभी राहिली. सात वर्षांच्या मुलीच्या पायात मावेल एवढ्या रुंदीवरून लातूरचा कापूस, तूर आणि माणसं शतकभर जात होती.

मोरीच्या पुढे कटिंग. दोन्ही बाजूंना उघडा पडलेला बेसाल्ट, आणि त्यावर पहारीच्या खुणा अजून वाचता येतात : तिरप्या, हातभर लांबीच्या, एकीखाली एक. हा घाट ज्यांनी हाताने फोडला त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. कॅलथ्रॉपचं नाव मी आदराने घेते, पण त्या खुणांवर हात ठेवला तेव्हा मला त्याच्या आकड्यांपेक्षा त्या पहारी मोठ्या वाटल्या.

मामंजी खाली गाडीपाशी थांबले होते. मी परत आले तर ते शेजारच्या वावराच्या कुंपणाकडे बोट दाखवत होते. तारेला आधार म्हणून रुळाचा तुकडा पुरलेला. या भागात असे तुकडे ठिकठिकाणी दिसतात, खांब म्हणून, तुळई म्हणून. ‘‘लाइटीचाच आहे,’’ म्हणाले. ‘‘मोठ्या गाडीचा एवढा बारका नसतो.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही नकाशात सापडणार नाही. लातूरला पोतं छोट्या वाघिणीत चढायचं, ते कुर्डुवाडीला उतरायचं. तिथे अडीच फुटी लाइन संपायची आणि साडेपाच फुटी सुरू व्हायची. मुंबईला जाणारं प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जायचं. आकडे लागायचे, पोती उसवायची, पावसात भिजायची. वजन घटलं की मुंबईचा व्यापारी लातूरच्या आडत्याला धरायचा. ‘‘पोतं कुर्डुवाडीला फाटायचं आन् भांडण लातुरात व्हायचं, पोरी,’’ असं ते म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या काळी तर वाटेत हद्दही लागायची. लातूर, ढोकी, येडशी निजामाकडे, बार्शी इंग्रजांकडे. निजामाच्या हद्दीवर माल गेला-आला की करोडगिरी भरावी लागे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हद्दीलगत बार्शीच्या बाजूला स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपल्यावर ती हद्द गेली, कुर्डुवाडीची हमाली मात्र पुढे कित्येक दशकं टिकली.

म्हणून लाइट गेल्याचं मामंजींना दुःख नाही, आणि मलाही ते गोंजारायचं नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळाला पाणी नव्हतं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर : बार्शी लाइटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कापसासाठी आखलेल्या वाटेने शंभर वर्षांनी पाणी आलं. रुळांमधलं अंतर अडीच फूटच राहिलं असतं, तर पुढे आलेल्या पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या नसत्या. आम्ही घरी हंडे भरून ठेवत होतो ते दिवस मला आठवतात. मोठी लाइन हवीच होती.

माझं म्हणणं फक्त घाटाच्या तुकड्याबद्दल आहे. कॅलथ्रॉपने बार्शीनंतर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरला अशीच अडीच फुटी लाइन बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली. बार्शीचाच अनुभव तिथे वापरला. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तीन वर्षांत तिथल्या लोकांनी रूळ उचललेल्या जागेवर पायवाट करून टाकली. आज तिथे माणसं चालतात, सायकली चालवतात, आणि जुन्या रेल्वेचा चढ सौम्य असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही चालवतं. त्या लाइनीची थोरली बहीण आमच्याकडे घाणेरीखाली पडून आहे.

येडशी ते पांगरी चालायला हीच वाट द्यावी. श्रावणात रामलिंगला दर्शनाला येणारी माणसं रस्त्याच्या कडेने गाड्यांचा धूर खात चालतात, त्यांना ही सावलीची वाट मिळेल. त्यासाठी आधी हद्दीची मोजणी हवी, कारण बांध दर नांगरटीला हातभर सरकतो आणि भरावाचा मुरूम ट्रॅक्टरने जातो. मग मोऱ्यांची नोंद हवी : कुठे आहे, कमान किती, कुठला दगड निसटला. यंदा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी मोजणीचं प्रात्यक्षिक तंत्रनिकेतनाच्या आवारात देणार नाही. लागणारी परवानगी रीतसर मागून त्यांना घेऊन मी घाटात जाणार आहे. थियोडोलाइट, टेप, पट्ट्या आणि दोन दिवसांचा डबा. पहिल्या मोरीचं रेखाटन मी त्याच दिवशी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून काढलंय. मापं धाकटीने सांगितली, मी लिहून घेतली.