पाठ पोहोचतो, प्रश्न परततो का?

२०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली आणि विद्यापीठांचे वर्ग पाहता पाहता संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर गेले. हा प्रयोग प्रथमच होत आहे, असे त्या वेळी अनेकांस वाटले. वस्तुस्थिती तशी नाही. गुरू आणि शिष्य एका छताखाली नसताना विद्यापीठ चालू शकेल का, हा प्रश्न आपल्या देशाने कितीतरी आधी हाती घेतला होता. त्याचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा, असे आम्हांस वाटते. कारण २०२० साली जे अडले, ते पूर्वीही अडले होते.

१९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. छापील पाठ टपालाने घरी येत, विद्यार्थी उत्तरे लिहून पाठवीत आणि ती तपासली जात. गती संथ होती. परंतु ज्या वाटेने पाठ येई, त्याच वाटेने विद्यार्थ्याची शंका परत जाऊ शकत असे. ही परतीची वाट हीच या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे, असे आम्ही मानतो.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यापाड्यांतील महाविद्यालयीन तरुणांसही उत्तम अध्यापन लाभावे, हा हेतू निःसंशय उदात्त होता. पण भाषा मुख्यतः इंग्रजी, आणि न उमगलेल्या वाक्यापाशी हात वर करण्याची सोय नाही! पाठ आभाळातून उतरला. शंका मात्र खोलीतच राहिली.

पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके, ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे आणि तेथे संपर्कसत्रे, अशी ही रचना. नोकरी करणारा तरुण किंवा शिक्षण अर्धवट सुटलेली गृहिणी तेथे जाऊन कुणाला तरी विचारू शकत होती. यंत्र साधे होते, पण माणूस जवळ होता.

२० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीच बनविलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्याच्या प्रारंभीच्या प्रयोगात नाशिकचे मुक्त विद्यापीठही होते. आकाशातील काम चोख झाले, जमिनीवरचे रखडले. २०१३ साली महालेखापरीक्षकांनी या योजनेच्या वापरावर ठपका ठेवला, तो नियोजनातील उणिवा, जाळे उभारण्यातील विलंब आणि कार्यक्रमांची कमतरता यांबद्दल.

दरम्यान, १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट जनतेसाठी खुले झाले होते. आता शंका क्षणात परत पाठविणे शक्य झाले. २०१७ साली ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठाने विद्यापीठीय अभ्यासक्रम घरोघर नेण्याचा चंग बांधला. परंतु ही नवी वाट कुणासाठी होती? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात शंभरातील जेमतेम चार-पाच घरांत संगणक होता आणि सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती; शहरांत हीच संख्या अनुक्रमे तेवीस आणि बेचाळीस. दोनच वर्षांनी टाळेबंदी आली. घरात मोबाइल एक, शिकणारी मुले तीन. मग तो कुणाच्या हाती द्यावा, हा निर्णय आईबापांना करावा लागला. ज्याच्या वाट्याला तो आला नाही, ते मूल वर्गातून मुकाट्याने नाहीसे झाले. हजेरीपटावर त्याचे नाव तसेच राहिले.

आज पदवीचे अभ्यासक्रमही पूर्णतः ऑनलाइन मिळतात आणि त्यांच्या जाहिराती आपल्या मुलामुलींना खुणावतात. ते आम्ही त्याज्य मानीत नाही. दूर राहणाऱ्यांस आणि संसारात गुंतलेल्यांस तो खरा आधार आहे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. शिकविणार कोण, हे तर ते स्वतःहून सांगतील. अडल्यावर उत्तर कोण देईल आणि किती दिवसांत? आणि जवळपास बसून अभ्यास करण्यास केंद्र आहे का? साठ वर्षांच्या या वाटचालीत जेथे जेथे या प्रश्नांना उत्तर होते, तेथे साध्या टपालानेही माणसे शिकली.