घड्याळाने हरवलेला डाव

पटावर हरणं वेगळं आणि घड्याळाने हरवणं वेगळं. जपानमधल्या ‘गो’ या खेळाच्या इतिहासात या दुसऱ्या हरण्याची एक गोष्ट आहे. ती मला नुसती खेळातली वाटत नाही.

गो म्हणजे १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा पट. रेघा जिथे छेदतात तिथे आळीपाळीने काळे-पांढरे खडे मांडायचे, जास्त जागा वेढायची. सारीपाटासारखं दान पडत नाही, त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय नाही. सगळा खेळ विचाराचा, आणि विचाराला पूर्वी वेळेचं बंधनच नव्हतं. एकेक डाव कित्येक दिवस चाले. त्यात मानाने थोर असलेल्या खेळाडूला एक हक्क असे: आपली खेळी आली की ‘आज इथेच थांबू’ म्हणायचं. मग घरी जाऊन निवांत विचार करायला तो मोकळा. धाकट्याने मुकाट मान डोलवायची. आपल्यापैकी बऱ्याचजणींना हा न्याय ओळखीचा वाटेल!

या खेळातलं नामांकित घराणं होनिन्बोंचं. १९०७ मध्ये त्याचे प्रमुख शूएई वारस न नेमताच गेले. गादीसाठी दोन नावं पुढे आली, शूसाई आणि कारिगाने. शूएईंच्या पत्नीचा कौल कारिगानेंना होता, पण घरच्या बाईचा शब्द टिकला नाही. मध्ये काही काळ शूएईंच्या भावाने गादी सांभाळली आणि १९०८ मध्ये ती शूसाईंकडे गेली.

पुढे १९२४ मध्ये निहोन कीइन ही संस्था निघाली. कारिगाने काही सोबत्यांसह तिच्यातून बाहेर पडले, त्यांनी ‘कीसेईशा’ हा वेगळा गट काढला. १९२६ मध्ये योमिउरी वर्तमानपत्राने दोन्ही गटांचा सामना भरवला. पहिलाच डाव या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा! गादी हुकल्याला १८ वर्षं झाली होती. या वेळी मात्र घड्याळ होतं: प्रत्येकाला १६ तास, ते संपले की डाव गेला.

डाव भलताच घनघोर झाला. शूसाईंनी कारिगानेंचे खडे मधोमध कोंडले. कारिगाने विचार करत राहिले, तास सरत राहिले, आणि २५४ खेळ्यांनंतर त्यांचा वेळ संपला. निकाल वेळेवर लागला. पटावरही त्यांची बाजू पडतीच होती म्हणतात, ते खरंच. तरी शेवटचा खडा मांडून हरण्याचं समाधान त्यांना मिळालं नाही.

घड्याळ सर्वांना सारखं, असं आपण म्हणतो. पण थोरल्यांचा थांबण्याचा हक्क लगेच गेला नाही. १९३३ मध्ये १९ वर्षांच्या गो सेईगेनशी खेळताना दोघांना २४-२४ तास होते, तरी शूसाईंनी आपल्या खेळीवर डाव वारंवार थांबवला. तो तीन महिन्यांहून अधिक लांबला, आणि शूसाईच जिंकले.

१९३८ मध्ये शूसाईंचा निरोपाचा डाव कितानी मिनोरूंशी झाला, प्रत्येकी ४० तासांचा. तेव्हा नियम बदलला होता. दिवस संपताना ज्याची पाळी असेल त्याने आपली खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करून द्यायची, म्हणजे रात्रभर विचार करून फायदा नाही. कितानींनी ३४ तासांवर वेळ घेतला आणि ५ गुणांनी जिंकले. शूसाई आजारी होते, मध्ये त्यांना इस्पितळातही राहावं लागलं. डाव संपला तेव्हा त्यांचे २० तास शिल्लक होते.