मागच्याचा ब्रेक

मागच्या महिन्यात रविवारी सकाळी भाईचा फोन आला. भाई म्हणजे आमचा मालवणचा थोरला चुलतभाऊ. त्याने कोल्हापुरात एक सेकंडहँड फायबरची बोट घेतली होती, ट्रेलरसकट. सगळं मिळून वजन साधारण दीड टन. ती आपल्या जुन्या पिकअपला जोडून फोंडा घाटाने खाली आणायची, असा बेत. ट्रेलरच्या चाकांत इलेक्ट्रिक ब्रेक होते, पण ते चालवणारा कंट्रोलर नव्हता. आखातातून परतलेल्या एका मित्राने त्याला दोन डबे दाखवले होते, एक स्वस्त, एक महाग. कुठला घेऊ, एवढाच प्रश्न. आणि वर पुस्ती जोडली, "गाडयेचे ब्रेक झकास आसत. ट्रेलराक आणि येगळी भानगड कित्याक?"

"संध्याकाळी सांगतो" म्हटलं आणि नेहमीप्रमाणे वाचत बसलो. कंट्रोलर राहिला बाजूला, पोचलो दीडशे वर्षं मागे! कारण भाईचा प्रश्न नवा नव्हताच. ओढणाऱ्याला ब्रेक आहे, मग ओढल्या जाणाऱ्याला कशाला, हा वाद आधी रेल्वेने घातला, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

आधी थोडं गणित. दीड टनाचा ट्रेलर ताशी 40 किमी वेगातून थांबवायचा तर साधारण 93 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला उष्णता म्हणून सोसावी लागते. तोच ट्रेलर 500 मीटर उंचीवरून खाली आणायचा तर साडेसात हजार किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे 40 च्या वेगातून 80 वेळा थांबवण्याएवढी! त्यातला काही भाग खालच्या गिअरमध्ये इंजिन खातं, पण बाकीचा पिकअपच्याच ड्रमवर. सपाटीवर "झकास" असलेले ब्रेक घाटात तापून ढिले का पडतात, ते यावरून कळतं.

आपल्याकडे हा घाटाचा प्रश्न जुना. वेंगुर्ला बंदर आणि वरचं बेळगाव यांच्यामधला माल बैलगाडीने चढायचा-उतरायचा. चढताना बैल ओढतात हे सगळ्यांना दिसतं. उतरताना गाडी बैलांना ढकलते, जू मानेवर पुढे सरकतं आणि सगळा भार जनावर अंगावर घेतं. भाईचा पिकअप ब्रेकविना ट्रेलर घेऊन उतरला असता तर त्याची गत त्या बैलांसारखीच!

मग रेल्वे आली. बोरघाटातला मार्ग 1863 मध्ये सुरू झाला, चढ 37 ला 1. म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. घाटात एके ठिकाणी गाडीला दिशा बदलावी लागे. गाडी पुढे जाऊन थांबायची आणि उलट्या दिशेने निघायची. थांबली नाही तर पुढे दरी. 1869 च्या जानेवारीत उतरणारी एक गाडी तिथे थांबली नाही. त्या काळात अख्ख्या गाडीला एकत्र ब्रेक नसत. इंजिनावर एक, आणि मध्ये मध्ये ब्रेकच्या डब्यांत बसलेली माणसं. इंजिनाने शिटी दिली की त्यांनी हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे.

त्याच 1869 साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनातून दाबाची हवा नळीने प्रत्येक डब्याला, आणि त्या हवेने ब्रेक लागणार. छान! पण आमच्या धंद्यातल्या कुठल्याही टेस्टरने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, नळी तुटली तर? तर हवा नाही, म्हणजे ब्रेक नाही. नेमका गरज असते तेव्हाच नाही! मग काही वर्षांतच त्याने रचना उलटी केली. नळीत दाब असेल तर ब्रेक सुटलेले, दाब गेला की ब्रेक लागलेले. नळी तुटली, डबा सुटला, काहीही झालं तरी गाडी थांबणार.

हे शहाणपण सगळ्यांनी लगेच घेतलं नाही. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीची गाडी चढावर अडली. कर्मचाऱ्यांनी ती दोन भागांत तोडली. ब्रेक व्हॅक्यूमचे होते, पण साध्या प्रकारचे. इंजिनापासून सुटलेल्या डब्यांचे ब्रेक निघाले आणि डबे उतारावर मागे पळाले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे 80 माणसं गेली, त्यात बरीच मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला की प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक हवेतच.

हे तत्त्व आपण सगळ्यांनी पाहिलंय. ट्रेनमधली साखळी! साखळी ओढली की नळीतला व्हॅक्यूम मोडायचा (पुढे एअर ब्रेक आले, तिथे दाब कमी होतो) आणि गाडी थांबायची.

आता येऊ भाईच्या डब्यांकडे. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक अमेरिकेत 1920 च्या दशकातले. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट दिला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, ओढला जातो आणि एका तरफेने ब्रेकशू दाबतो. किती करंट द्यायचा हे ठरवतो ड्रायव्हरजवळचा कंट्रोलर. स्वस्त डबा वेळेवर चालणारा. ब्रेकलाइट लागला की ठरवून दिलेल्या गतीने करंट वाढवत नेतो. तुम्ही पाय हळू ठेवलाय की करकचून, त्याला काही कळत नाही. महाग डबा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते मोजून त्या प्रमाणात करंट देतो. घाटात प्रत्येक वळणाला थोडा थोडा ब्रेक लागतो, तिथे हाच बरा. शिवाय दोन्हींना एक हातखटका असतो. पिकअपला हात न लावता फक्त ट्रेलरला ब्रेक. ट्रेलर मागे डुलायला लागला तर तोच कामाला येतो.

जुन्या गाडीचा इथे फायदाच. ना कॉम्प्युटर, ना सॉफ्टवेअर. चार तारा: बॅटरी, अर्थिंग, ब्रेकलाइट आणि मागे ट्रेलरकडे जाणारी. एका चाकाला साधारण 3 अँपिअर लागतात, म्हणजे दोन चाकांना 6. पण मालवणच्या खाऱ्या हवेत 15 वर्षं काढलेल्या गाडीची अर्थिंग गंजलेली असते. तार बारीक आणि जोड गंजलेला असेल तर महाग डबाही दुबळाच.

पण खरी मेख पुढे आहे. करंट आला तर ब्रेक, तार तुटली तर ब्रेक नाही. म्हणजे हा कंट्रोलर, स्वस्त काय नि महाग काय, वेस्टिंगहाऊसच्या पहिल्या डिझाइनवरच उभा आहे! आर्माचा धडा त्यात नाही. तो आहे ट्रेलरवरच्या एका छोट्या बॅटरीत आणि एका पिनेत. पिनेची वायर पिकअपला बांधलेली. ट्रेलर सुटला की पिन ओढली जाते आणि ती बॅटरी ब्रेक लावते. लोक डिस्प्लेचे आकडे बघतात, पिन कोणी बघत नाही.

संध्याकाळी भाईला सांगितलं: महाग डबा घे, ट्रेलरची तार निघाली तर तो दाखवतो का ते बघ, अर्थिंग नवीन टाक. बोट पाण्यात सोडताना ट्रेलरची चाकं खाडीत बुडवू नकोस, मीठ चुंबकाला खाईल. आणि निघण्याआधी पिन ओढून ट्रेलर पुढे ओढून बघ, चाकं अडली पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी फोन. पिन ओढली, ट्रेलर मजेत पुढे आला. छोटी बॅटरी मेलेली! किती वर्षं, देव जाणे. विकणाऱ्यालाही पत्ता नव्हता. भाई दोन क्षण गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे साखळी होती, पण गाडी थांबाची नाय."

नवी बॅटरी टाकली. पुन्हा पिन ओढली, चाकं जागीच अडली आणि मातीत चर पडले. मग घाटमाथ्यावर थांबून भाईने ती टेस्ट आणखी एकदा केली. बोरघाट उतरणाऱ्या गाड्याही ब्रेक तपासायला थांबतात, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला आपणहून सुचलं.

बोट आता मालवणात आहे. पाऊस ओसरला की जायचंय.