हस्तसंधी शस्त्रक्रिया : सांकेतिक नोंद व आकारणी

मनगट, पंजा व बोटे यांच्या सांध्यांवर केलेल्या शस्त्रक्रियेचे वर्णन ठराविक अंकाक्षरांत नोंदणे आणि त्या नोंदीच्या आधारे उपचाराचा खर्च किंवा इजेची भरपाई ठरविणे, अशी ही दुहेरी पद्धत आहे. माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात : मनगटात ८, तळहातात ५ व बोटांत १४. अंगठ्यास दोन पेरे असून इतर बोटांस प्रत्येकी तीन असतात. त्यामुळे कोणत्या हाताच्या, कोणत्या बोटाचा, कोणता सांधा हे स्पष्ट केल्याखेरीज नोंदीला अर्थ प्राप्त होत नाही.

बोटांना किंमत लावण्याची कल्पना रुग्णालयांहून पुष्कळच जुनी आहे. इंग्लंडमधील केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सातव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यात अंगठ्यास २० शिलिंग, अंगठ्याच्या नखास ३, मधल्या बोटास ४, अनामिकेस ६ व करंगळीस ११ शिलिंग दंड सांगितला आहे. करंगळीला मधल्या बोटाच्या जवळजवळ तिप्पट महाग ठरविणारे हे कोष्टक आज चमत्कारिक वाटते. तथापि मूठ घट्ट आवळण्यात करंगळी व अनामिका यांचा वाटा मोठा असतो, हे ध्यानात घेतल्यास ते अगदीच निराधार म्हणता येत नाही.

भारतात हा विचार कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ या कायद्याने रूढ केला. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. त्याच्या मूळ अनुसूचीत अंगठा गेल्यास उपार्जनक्षमतेची २५ टक्के, तर्जनी गेल्यास १० टक्के आणि अन्य कोणतेही बोट गेल्यास ५ टक्के हानी धरली जात असे. कोपराच्या वरून वा खालून हात गेल्यास उजव्या व डाव्या हातांत १० टक्क्यांचा भेदही केलेला होता. १९६२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची बदलून पेरापेरांचा हिशेब आणला. अंगठ्यास ३० टक्के झाले. संपूर्ण तर्जनी गेल्यास १४, तिची दोन पेरे गेल्यास ११, एक पेर गेल्यास ९ आणि हाड न जाता केवळ टोक छाटले गेल्यास ५ टक्के, अशी उतरंड ठरली. मधल्या बोटास १२ टक्के, तर अनामिका किंवा करंगळी यांस ७ टक्के ठेवले गेले. डाव्याउजव्याचा भेद मात्र गळला. डावखुऱ्या कामगाराच्या दृष्टीने ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

या अनुसूचीची खरी अडचण तुटलेल्या बोटात नसून वाचविलेल्या बोटात आहे. अवयवाचा उपयोग पूर्णपणे व कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असे कायदा मानतो. परंतु शस्त्रक्रियेने सांधा जोडला, बोट शाबूत राहिले आणि ते अर्धेच वाकते, अशा स्थितीसाठी अनुसूचीत आकडा नाही. तेथे अर्हताप्राप्त वैद्याने उपार्जनक्षमतेतील घट स्वतः ठरवावयाची असते. म्हणजे शल्यचिकित्सकाचे कौशल्य जितके अधिक, तितकी भरपाईची नोंद अधिक वादग्रस्त होते. न्यायालयांनीही टक्केवारी शेवटची मानलेली नाही. प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७६ च्या खटल्यात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुतारास सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण, म्हणजे १०० टक्के अपंगत्व मान्य केले. कारण सुतारकाम एका हाताने करता येत नाही.

भरपाईची परंपरा अशी कायद्यातून आली, तर सांकेतिक नोंदीची परंपरा संख्याशास्त्रातून आली. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्युकारणांचे वर्गीकरण मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून त्यात सर्व रोगांचा व इजांचा समावेश केला. शस्त्रक्रियांसाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये वेगळी क्रमांकपद्धती प्रसिद्ध केली व १९७० च्या आवृत्तीत ती पाच अंकी केली. तीत तळहात व बोट यांमधील सांध्याच्या पुनर्रचनेस २६५३० आणि कृत्रिम सांधा बसविल्यास २६५३१ हा क्रमांक आहे. बोटातील सांध्यास अनुक्रमे २६५३५ व २६५३६. डाव्या अंगठ्यास ‘एफए’ आणि पुढे उजव्या करंगळीपर्यंत ‘एफ१’ ते ‘एफ९’ अशी जोडचिन्हे लावून बोट निश्चित केले जाते. कृत्रिम सांध्याची वेगळी नोंद लागण्याचे कारण म्हणजे आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात संधिवाताच्या रुग्णांसाठी प्रचारात आणलेला सिलिकोनचा लवचिक सांधा होय.

महाराष्ट्रात हस्तशस्त्रक्रियेचा पाया पैशांच्या आकारणीशी संबंध नसलेल्या रुग्णांवर घातला गेला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा विभागात नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी कुष्ठरोग्यांच्या विकृत हातांवर पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्यापूर्वी पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे कंडरांचे स्थलांतर करण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या. बिलाचा प्रश्न पुढे विम्याबरोबर आला. १९४८ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राज्य कामगार विमा योजनेचे उद्‌घाटन २४ फेब्रुवारी १९५२ रोजी झाले. १९८६ मध्ये मेडिक्लेम आणि २००१ च्या विनियमांनी विमा कंपन्यांसाठी दावे तपासणारे त्रयस्थ प्रशासक आले. राज्य शासनाच्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने २०१२ पासून ९७१ उपचार ठरलेल्या दरांच्या पॅकेजमध्ये बसविले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

या सर्व नोंदवह्या एकमेकींशी बोलत नाहीत, आणि त्याचा भार वसईसारख्या तालुक्यात जाणवतो. पश्चिमेस किनाऱ्यालगत राजोडी, कळंब, अर्नाळा हा बागायतीचा व मासेमारीचा पट्टा आहे, तर रेल्वेच्या पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली या भागांत लघुउद्योगांचे गाळे पसरले आहेत. पत्रा कापणाऱ्या दाबयंत्राखाली बोट सापडणे, हा अशा कामातील नित्याचा धोका होय. दहांहून कमी कामगार असलेल्या गाळ्यास विमा योजना सामान्यतः लागू होत नसल्याने तेथील जखमी कामगारास १९२३ च्या कायद्याचाच आधार होता. आता या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून तीतही टक्केवार अनुसूची ठेवलेली आहे.

जुन्या कायद्याच्या हिशेबाचे एक उदाहरण पाहता येईल. २०२० पासून वेतनाची कमाल गणनामर्यादा १५,००० रु. होती. वय ३० असल्यास गुणक २०७.९८ येई. वेतनाच्या ६० टक्क्यांस, म्हणजे ९,००० रुपयांस, या गुणकाने गुणल्यास पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रु. होते. तर्जनी गेल्यास तिच्या १४ टक्के, म्हणजे सुमारे २,६२,०५५ रु., आणि करंगळी गेल्यास ७ टक्के, म्हणजे सुमारे १,३१,०२७ रु. मिळावयाचे. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत अंगठ्याखेरीज कोणतेही एक बोट तुटल्यास ‘एस ६८.१’ हा एकच संकेत आहे. तर्जनी व करंगळी त्यात वेगळ्या होत नाहीत. रुग्णालयाचे बिल या संकेतावर विनातक्रार मंजूर होऊ शकते, परंतु भरपाईच्या दाव्यात त्याच संकेताने १,३१,००० रुपयांहून अधिक फरक अनिश्चित राहतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने झाल्यापासून मूळ पावत्यांनाही महत्त्व आले. म्हणून घरी सोडताना दिलेल्या कागदावर बोटाचे नाव, बाजू, गेलेल्या पेरांची संख्या आणि उरलेला सांधा किती अंशांत वाकतो, हे शब्दांत लिहून घ्यावे लागते. ते तेथे नसेल, तर दाव्याच्या वेळी पुन्हा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते.